उलटे आटे

लालबाग,
१९ जानेवारी २०२५, रविवार

हितू बाळा,

पाकीट फाडलंस, त्याबद्दल पहिला आशीर्वाद. मागची दोन पत्रं तू फाडलीच नसशील असं दर्शना म्हणते. तुझी बहीण लहानपणापासून अशीच, दुसऱ्याच्या पानातला पापड मोडून बघणारी. मी म्हटलं, माझा झील आहे, पोटचा पोरगा, फाडेल. उत्तर देणार नाही, तो भाग वेगळा.

आता बातमी ऐक. तुझ्या भाचीला नोकरी लागली. आयटीआय करून दोन वर्षं त्या गॅरेजमध्ये दुसऱ्यांच्या स्कूटरी पुसत होती, आता परळला क्लबाच्या मैदानावर मशीन सांभाळते. हो, आपल्याच क्लबात. बाबा होते तिथे, तू होतास तिथे. सकाळी सातला पँट घालून निघते आणि संध्याकाळी येते ती कोपरापर्यंत काळी. शेजारची चंपा मला म्हणते, शांताबाय, ह्या पोरीला नवरा कोण देणार? मी म्हटलं, नवरा बिघडला तर अक्षदा दुरुस्त करून घेईल, तुझ्या जावयासारखा गॅलरीत बसवून ठेवावा लागणार नाही. दोन दिवस चंपा बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वालाची उसळ घेऊन आली.

अक्षदा राहते माझ्याकडेच. दर्शनाकडून रोज गाडीचा प्रवास नको म्हणाली. माझ्या खाटेखाली आता साड्यांच्या ट्रंकेला लागून तिची पान्यांची पेटी. वास येतो ग्रीसचा. मला तो वास आवडतो, तुला माहीत आहे.

तर सांगायचं ते राहिलं. ती बुटकीला परत चालू करतेय.

बुटकी म्हटल्यावर तू पत्र खाली ठेवशील, म्हणून आधी वालाची उसळ सांगितली. ठेवू नको, वाच. गवत कापायचा तो लाल बुटका ट्रॅक्टर गिरणीच्या मोठ्या साहेबाच्या बंगल्यासाठी विलायतेहून आला होता. गिरणी बंद पडली तेव्हा क्लबाने तो घेतला आणि त्याच्याबरोबर तुझ्या बाबांना घेतलं, कारण त्याची नाडी दुसऱ्या कोणाला कळत नव्हती. त्या सकाळी बाबांचा पाय बुटकी आणि दगडी रोलरच्या मधे सापडला, तेव्हापासून नऊ वर्षं ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी. क्लब तिला भंगारात काढत होता. अक्षदाने सेक्रेटरीला सांगितलं, मला दीड महिना द्या. त्याने दिला. तेवीस फेब्रुवारीला कमिटीसमोर चालवून दाखवायची आहे.

इंजिन सुरू झालं, पहिल्या आठवड्यातच. मी बघायला गेले होते, टाळ्या वाजवल्या, लोक बघत होते. पण स्टिअरिंग फार झिजलंय म्हणे. वरचं चाक एवढं मोठं फिरवलं तरी खालची चाकं झोपलेलीच. त्याला ती ‘खेळ’ म्हणते. स्टिअरिंगला खेळ आला. तुझे बाबाही तेच म्हणायचे.

म्हणून विचारते, हितू. त्या दिवशी सीटवर तू होतास. मशीन ऐकेना, असं म्हणालास. नक्की काय निघालं होतं, तेवढं एका ओळीत कळव. मला नको कळवू, अक्षदाला कळव. तेवीस तारखेला त्याच सीटवर माझी नात बसणार आहे.

कुडाळला थंडी असेल. कानाला बांधत जा.

तुझी आई

---

लालबाग,
२ फेब्रुवारी

हितू,

तुझा निरोप अक्षदाच्या मोबाईलवर आला. तिने वाचून दाखवला. ‘दांडीचा चेक नट माझ्याकडून आवळायचा राहिला. तिला भंगारात द्या.’ एवढंच. मी तिला म्हटलं, खाली अजून काही असेल, सरकव वर. नव्हतं.

मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं मला वाचता येतं. ‘राहिला’ असं तू लिहिलंस. तेव्हा तू असं म्हणाला नव्हतास. मला तो दिवस अक्षर न् अक्षर आठवतो. बाबा गवतावर पडलेले, पाय तसा वळलेला, आणि त्यांनी तुला विचारलं, “काल चेक नट आवळायला सांगितला होता. आवळलास?”

तू म्हणालास, “आवळला, बाबा.”

“मग सुटला कसा?”

सगळं मैदान ऐकत होतं. मग चाळीत कोणी म्हणालं पोरगा प्यालेला होता, कोणी म्हणालं मोबाईलवर बोलत होता. बाबा चार वर्षं काठी टेकत चालले आणि जाईपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत. तू त्यांच्या दहाव्याला आलास आणि पाणी न पिता गेलास. नऊ वर्षं एखादी गोष्ट लोक सांगत राहिले की माणसाला स्वतःचीच आठवण खोटी वाटायला लागते, तसं झालंय तुझं. नट तू आवळला होतास. मी देवापुढे सांगेन. मला कसं माहीत ते विचारू नको.

अक्षदाला भंगारात द्यायचं नाही. आजोबांची मशीन, आपण सरळ करणार, म्हणते. तुझ्या घराण्याचा हट्ट आहे, माझा नाही. स्टिअरिंगच्या खालचं दातेरी चाक काढून तिने लेथवाल्या रामजीकडे नेलं, बरोबर मीही गेले. रामजीला पुढचे दात नाहीत, तुला आठवतो ना, त्याने ते बोटाने चाचपलं आणि म्हणाला, मावशी, याचे माझ्यासारखेच, मधले गेलेत, कडेचे शाबूत आहेत. मग त्याने वेल्डिंग भरून नवीन दात कोरले, पुढच्या चाकांच्या खुंट्यांना नवीन बुश, म्हणजे आतल्या पितळी बांगड्या, करून दिल्या. अक्षदा कानस घेऊन शेजारी उभी. त्याने सहज म्हणून एक दात तिला घासायला दिला आणि मग घासलेला दात बघत राहिला. म्हणाला, जयवंतचा हात आहे. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या दुकानातच बसून घेतलं.

जयवंतचा हात. आता तुझे बाबा नाहीत, सांगायला हरकत नाही. शेवटची दोन वर्षं क्लबात त्यांचा हात थरथरायचा. तुला माहीत नव्हतं. दर्शनाला नव्हतं. कपातला चहा बशीत यायचा म्हणून ते चारचौघांत चहाच घेत नसत, पित्त होतं सांगायचे. सेक्रेटरीला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून मी सकाळी डबा घेऊन जायचे. नऊचा डबा मी साडेसहाला का नेते, असं तू एकदा विचारलंस आणि मी तुला ऊन चढतं म्हणून सांगितलं. मैदानावर तेव्हा कोणी नसायचं. ते बाकड्यावर बसून सांगायचे आणि मी त्यांचा हात व्हायचे. हा पाना घे, तो ठेव, उजवीकडे फिरव, सगळं उजवीकडे आवळतं. हितू, मी खोटं का बोलू, मला फार मजा यायची. आयुष्यभर पोळपाट-लाटणं, आणि म्हातारपणी लोखंड माझं ऐकतंय.

त्या सकाळीही मी गेले होते. डब्यात घावणे होते.

अक्षदा आली. पुरे करते.

तुझी आई

---

११ फेब्रुवारी

हितू,

आज नवीन दांडी आली. दोन्ही पुढची चाकं एकत्र वळावी म्हणून मधे असते ती, सुटू नये म्हणून दोन टोकांना ते चेक नट. जुनीचे आटे झिजून गुळगुळीत झालेले, अक्षदाने मला नख फिरवून दाखवलं, नख अडकतच नव्हतं. नवीन दांडी नागदेवीला एका दुकानात मापाने करून घेतली. एवढी चकचकीत की चंपा म्हणाली, हिला देव्हाऱ्यात ठेवा.

मी शेडमध्ये गेले होते, घावणे घेऊनच. अक्षदा खाली चटईवर उताणी, पाय बाहेर. म्हणाली, आजी, जरा डाव्या टोकाचा नट धर आणि आवळ, मी इथून दांडी पकडते. मला काय, मी पदर खोचला, पाना लावला, आणि उजवीकडे वळवायला लागले.

ती खालून म्हणाली, “तिकडे नाही. हा डावीकडे आवळतो.”

मी हसले. म्हटलं, तुझ्या आजोबांनी शिकवलंय मला, सगळं उजवीकडे आवळतं.

“या एका टोकाचे आटे उलटे असतात, आजी. एक टोक सुलटं, एक उलटं, म्हणून तर मधली दांडी फिरवून चाकं जुळवता येतात.”

“आणि उजवीकडे फिरवला तर?”

“तर सैल होतो. मग मशीन हादरली की दांडी आपली आपण फिरत जाते आणि एक दिवस बाहेर.”

हितू, गॅसवर आमटी आहे. बघायला हवी.

आई

---

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हितेंद्र,

हे पत्र स्पीडपोस्टने येईल. अक्षदा स्वतः बरोबर येणार आहे पोस्टात. ती बरोबर येतेय ते माझ्या काळजीने नव्हे, मी मधेच परत फिरू नये म्हणून.

तीन दिवस मी बसून होते. चंपाने विचारलं, पोट बिघडलंय का. हो म्हटलं. मग काल अक्षदा जेवताना म्हणाली, आजी, मामाने तो नट आवळला नाही हे मला पटतच नाही, कारण नुसता न आवळलेला नट वर्षभर तसाच राहतो, एका रात्रीत एवढा सुटत नाही. कोणीतरी तो फिरवलाय. मी ताट सरकवलं. आणि तिला सांगितलं. आता तुला सांगते, तिला सांगितलं त्याच शब्दांत. फिरवून सांगायला गेले तर पुन्हा आमटीचं निमित्त निघेल.

त्या सकाळी बाबांनी माझ्याकडून उजव्या टोकाचा नट बघून घेतला. तो घट्ट होता. ते मला म्हणाले, हितूने काल नीट केलंय. खुश होते तुझ्यावर, हे तुला कोणी सांगितलं नसेल. मग ते ऑइलचा डबा आणायला शेडमध्ये गेले. डावं टोक ते मला कधी सांगत नसत, ते ते स्वतःच बघत, हात थरथरला तरी. का, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, माणूस दमतो, आपण तेवढं करून ठेवावं. शाबासकी मिळेल. मी त्या बाजूला गेले, पाना लावला. नट घट्ट होता, हितू. माझ्याने हलेना. म्हणून मी दोन्ही हातांनी जोर केला, उजवीकडे, आणि तो कट करून वाजला आणि फिरला. मी अजून एक वळसा दिला. मला वाटलं मी आवळला. पाना पेटीत ठेवला आणि पदराने हात पुसले.

सात वाजता, त्यांनी डावं टोक बघायच्या आत, तू आलास, घावणे खाल्लेस आणि बुटकीवर बसलास.

मी तेव्हा बोलले नाही, कारण पान्याला हात लावला म्हणाले असते तर का लावला तेही सांगावं लागलं असतं, आणि त्यांची नोकरी गेली असती. पाय मोडलेल्या माणसाची नोकरी तशीही गेली, पण ते आठ दिवसांनी. आठ दिवसांत तू गाव गाठलंस. नंतर ते गेले, तेव्हा झाकायला काही उरलं नव्हतं. तरी मी बोलले नाही. मनाला सांगत होते की मी तर आवळलाच होता, मग माझं कसं असेल. खरं सांगते, उलटे आटे असतात हे मला अकरा तारखेपर्यंत माहीत नव्हतं. पण आपण हात लावला होता हे माहीत होतं. नऊ वर्षं रोज माहीत होतं. तू प्यालेला होतास असं चाळीत म्हणायचे तेव्हा मी आत जायचे.

अक्षदा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडी घासली, हात पुसले आणि म्हणाली, “मामाला तू लिहायचंस. मी नाही लिहिणार. ते पत्र पोस्टात पडल्याशिवाय मी मशीनवर बसणार नाही, मग क्लबाने भंगारात दिली तरी चालेल.” तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा घे. दार लाव.

तू गाडी चालवणं सोडलंस असं दर्शनाने सांगितलं होतं. काजूच्या फॅक्टरीच्या फाटकावर बसतोस, मालकाची जीप दारात असते आणि तू तिला हात लावत नाहीस. मी ते ऐकून म्हटलं होतं, फाटकावर सावली तरी असेल ना. असं म्हटलं मी.

माफ कर असं लिहायला बसले होते. लिहीत नाही. ते मागायचा हक्क मला वाटत नाही. फक्त तू ‘राहिला’ असं जे लिहिलंस ते पुस. तू आवळला होतास आणि घट्ट आवळला होतास, माझे दोन्ही हात लागले तो सोडवायला.

आई

---

लालबाग,
२४ फेब्रुवारी, सोमवार

हितू बाळा,

आधी कालचं सांगते, मग बाकीचं. मी खाली बसून लिहितेय आणि समोर अक्षदा झोपलीय, तोंड उघडं टाकून, अगदी दर्शनासारखी. तिला सुट्टी दिलीय क्लबाने.

तुझ्याकडून काही येईना. पोस्टमनला मी तीन दिवस गॅलरीतून विचारत होते, शेवटी तो वर न बघताच मान हलवायचा. शुक्रवारी अक्षदाच्या मोबाईलवर काहीतरी आलं. तिने ते कानात घालून ऐकलं, गॅलरीत उभी राहून, बराच वेळ. मी विचारलं, कोण? म्हणाली, कामाचं आहे. शनिवारी पुन्हा ऐकलं, वहीत काहीतरी लिहून घेतलं, आणि रामजीकडे जाऊन आली. मी समजले काय समजायचं ते. कामाचंच असेल म्हटलं.

काल सकाळी मैदानावर कमिटी खुर्च्या टाकून बसलेली, सेक्रेटरी, अजून चारपाच जण, आणि आपल्या चाळीतलेही आले होते, चंपा तर भरजरी नेसून. दोरी बांधली होती. मी सवयीने बुटकीकडे निघाले, तर अक्षदा मला सगळ्यांदेखत म्हणाली, आजी, तू दोरीच्या बाहेर, आणि पेटीपासून लांब. मी मागे आले. चंपा माझ्याकडे बघत होती. मी ऊन आलं डोळ्यांवर असं केलं.

मशीन सुरू झाली. अक्षदा खाली वाकली, दोन्ही टोकं हाताने हलवून बघितली, उठली, पुन्हा वाकून बघितली. मग बसली. मैदानाच्या मधोमध सरळ गेली तोवर ठीक होतं. मग त्या भिंतीकडे वळली. दगडी रोलर अजून तिथेच आहे, हितू, त्याला कोणी हलवलेला नाही. तिला तिकडे जायची काही गरज नव्हती. सेक्रेटरी पण म्हणाला, तिकडे कशाला. ती सरळ रोलरवरच निघालेली, आणि मला दिसत होतं की ती चाक फिरवत नाहीये. चंपाने माझा दंड धरला तो आज निळा झालाय. दोन हात राहिले असतील, तेव्हा तिने चाक एवढंसं वळवलं, आपण पोळी उलटताना मनगट वळवतो ना तेवढंच, आणि बुटकी लगेच वळली. रोलरच्या कडेने, भिंतीच्या कडेने, गवतावर गोल चाकोरी उमटवत परत आली. पुन्हा गेली. पुन्हा आली. तीन वेळा. प्रत्येक वेळी त्याच चाकोरीत.

कमिटी उठून उभी राहिली. सेक्रेटरी म्हणाला, मशीन राहील आणि मुलगीही राहील. रामजी बिनदातांचा हसत होता.

संध्याकाळी अक्षदा माझ्या शेजारी येऊन बसली. हात धुतलेले, केस मोकळे. म्हणाली, आता ऐक, आधी ऐकवलं असतं तर तू मला आज बसू दिलं नसतंस. आणि मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला.

अकरा मिनिटं तुझा आवाज होता. मला पहिल्यांदा काही कळेचना, नुसता आवाज ऐकत होते. जाड झालाय तुझा आवाज. मग शब्द ऐकू यायला लागले. नट अडकवायची स्प्लिट पिन जुनी परत वापरू नको. उलट्या टोकाच्या नटाला लाल रंग लाव म्हणजे कोणी चुकणार नाही. खुंट्यांना ग्रीस भरताना चाक उचलून भर. कमिटीसमोर नेशील तेव्हा रोलरच्या बाजूने तीनदा वळवून बघ, तिथे जमीन उतरती आहे, काही राहिलं असेल तर तिथेच कळेल. मालकाच्या जीपचं पण असंच होतं, परवा आवळून दिलं, असंही तू म्हणालास. मी अक्षदाकडे बघितलं. ती म्हणाली, हो, मीही ऐकलं, जीप म्हणाला.

माझ्या पत्राबद्दल एक शब्द नव्हता. मी म्हटलं ठीक आहे. जे मी नऊ वर्षं केलं त्याला तू नऊ दिवसांत काय बोलणार.

शेवटी मागे कोणीतरी कुत्र्याला हाकलत होतं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तू म्हणालास, “आणि अक्षू, आईला पान्याच्या जवळपास फिरकू देऊ नकोस.”

अक्षदा माझ्या तोंडाकडे बघत होती, ही आता रडते की काय म्हणून. मी म्हटलं, ते शेवटचं परत लाव. तिने लावलं. मी म्हटलं, परत. चार वेळा ऐकल्यावर ती म्हणाली, आजी, अगं तुला तो टोमणा मारतोय. मी म्हटलं, कळतंय मला, मारू दे. नऊ वर्षं माझ्यासाठी त्याच्या तोंडात एक वाईट शब्दसुद्धा नव्हता.

तू माफ केलंस असं मी समजत नाही. मला एवढंच समजलं की तू ‘आई’ म्हणालास आणि पुढे बोललास. अजून बोल. माझ्यात नावं ठेवण्यासारखं पुष्कळ आहे, बसून ठेव, सावकाश ठेव, अकरा मिनिटं पुरणार नाहीत. फोनवर ठेव, नाहीतर इथे येऊन समोर ठेव. मी मधे बोलणार नाही.

पान्यापासून चार हात लांब बसलेली,
तुझी आई